पेला, मुळं आणि सावली : छोट्या ब्रोमेलियाडच्या प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी

जागा दोन. एक, उंच भिंतीलगतचा ३ मीटर लांब, ६० सेंमी रुंद वाफा, वर मोठ्या झाडाची सावली. दुसरी, घरात खिडकीपासून आत गेलेलं तीन फळ्यांचं शेल्फ. ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातली झाडं, आणण्याआधी उजेड मोजला. मोबाइलवरचं लक्स (उजेडाचं एकक) दाखवणारं अ‍ॅप अगदी अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. दुपारी १२ वाजता वाफ्याच्या मोकळ्या टोकाला १२,०००, मध्यावर ५,०००, कोपऱ्यात १,८००. शेल्फची काचेजवळची फळी ३,०००, मधली १,१००, सर्वांत आतली जेमतेम ३५०.

डोळ्यांना मधली आणि आतली फळी सारखीच उजळ वाटते. आकडा पाहिल्याशिवाय फरक पटत नाही. अ‍ॅप नसेल तर पांढऱ्या कागदावर साधारण ३० सेंमी उंचीवरून हात धरावा. सावलीची कडा ठळक पडली तर निओरेगेलिया या प्रकाराला रंग येतो. कडा पुसट पण बोटं मोजता येत असतील तर गुझमेनिया आणि व्रीसिया हे प्रकार चालतात. सावलीच दिसत नसेल तिथे झाड मरत नाही लगेच, पण वाढतही नाही. आतली फळी त्यामुळे कायमच्या झाडांसाठी बाद. तिथे फुललेलं गुझमेनिया पाहुण्यासारखं दोन-तीन महिने ठेवता येतं. रंग फुलाचा नसून देठावरच्या रंगीत पानांचा असतो आणि तो एकदा चढला की मंद उजेडातही बराच टिकतो.

७ फेब्रुवारी

निवड. निओरेगेलिया 'फायरबॉल' ६, निओरेगेलिया अँप्युलेसिया ४, क्रिप्टँथस बिव्हिटॅटस ६, गुझमेनिया लिंग्युलाटाची बुटकी जात ४, व्रीसिया रॅसिनी २. एकूण २२. गुझमेनिया सोडली तर सगळी तळहातात मावतील अशी.

नावं पाठ नसली तरी चालेल. कुठलं झाड पाणी कुठून पितं, हे मात्र माहीत हवं. पहिली दोन, गुझमेनिया आणि व्रीसिया ही पेल्याची झाडं. पानांचे बुडखे एकमेकांत घट्ट बसून मध्ये पेला तयार होतो आणि पानाच्या तळाशी असलेले सूक्ष्म खवले त्यातलं पाणी शोषतात. मुळांचं मुख्य काम धरून ठेवणं. क्रिप्टँथसचं उलटं आहे. ते ब्राझीलच्या जंगलात जमिनीवर वाढणारं, चपटं, चांदणीसारखं झाड. पेला नावापुरताही नाही, सगळं पाणी मुळांतून. एकाच झारीने सगळ्यांना सारखं पाणी घातलं की एक गट हमखास जातो. क्रिप्टँथस या नावाचा अर्थ 'लपलेलं फूल'. पानांच्या मध्यात पांढरी फुलं येऊन जातात, पत्ताही लागत नाही.

१२ फेब्रुवारी

मिश्रण दोन प्रकारचं. पेल्याच्या झाडांसाठी पाइनच्या सालीचे १ ते १.५ सेंमी तुकडे ३ भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे २ भाग, पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) १ भाग, कोळशाचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे अर्धा भाग. क्रिप्टँथससाठी कोकोपीट २ भाग, चाळलेलं पानांचं खत १ भाग, पर्लाइट १ भाग. बागेतली माती कुठेही नाही. ओली होऊन बसली की मुळांभोवतीची हवा संपते, आणि पेल्याच्या ब्रोमेलियाडची मुळं झाडाच्या सालीला चिकटून मोकळ्या हवेत राहायला घडलेली आहेत.

सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट तीन पाण्यांतून धुतलं. पहिल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ७४० पीपीएम, म्हणजे दशलक्षात ७४० भाग, दुसऱ्याचा ३१०, तिसऱ्याचा १२०. हे मीठ नारळातूनच येतं. न धुता वापरलं की महिन्याभरात पानांची टोकं करपतात आणि दोष पाण्याला दिला जातो. मिश्रण तयार झाल्याची चाचणी साधी: कुंडी भरून वरून अर्धा लिटर पाणी ओतावं. ते १० सेकंदांत खालून निघून जायला हवं. क्रिप्टँथसच्या मिश्रणाला अर्धा मिनिट लागला तरी हरकत नाही.

१४ फेब्रुवारी

लावणी. कुंड्या ८ आणि १० सेंमीच्या, गुझमेनियाला १२ सेंमीच्या. झाड मोठं होईल म्हणून मोठी कुंडी घेणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. मुळं थोडी असतात, उरलेलं मिश्रण आठवडाभर ओलं राहतं आणि कूज खालून वर सरकते.

खोली महत्त्वाची. सर्वांत खालच्या पानाचा बुडखा जिथे सुरू होतो, तिथपर्यंतच मिश्रण. त्यावर एक सेंमीही नाही. इतक्या वर लावलेलं झाड डुलतं, म्हणून खोल दाबण्याचा मोह होतो. त्याऐवजी बांबूची काडी खुपसून मऊ सुतळीने सैल बांधलं. हलणाऱ्या झाडाला नवी मुळं धरत नाहीत, कारण कोवळं टोक प्रत्येक धक्क्याला घासून मोडतं.

वाफ्यातली झाडंही कुंडीसकट, दोन तृतीयांश कुंडी मातीत, तळाशी वितीएवढा खड्डा करून त्यात खडी. सरळ जमिनीत लावलं असतं तर वरच्या मोठ्या झाडाच्या मुळांनी मिश्रण दोन-तीन महिन्यांत बळकावलं असतं. शिवाय कुंडी असली की जागा बदलता येते, आणि जागा बदलावी लागणारच आहे.

लेबलं प्लास्टिकच्या पट्टीवर पेन्सिलने: फा-१ ते फा-६, अँ-१ ते अँ-४, क्रि-१ ते क्रि-६, गु-१ ते गु-४, व्री-१ आणि व्री-२. तांब्याच्या पट्टीची सुंदर लेबलं मिळतात, ती इथे चालत नाहीत. कारण पुढे येईल.

१९ फेब्रुवारी

पाणी. नळाच्या पाण्याचा टीडीएस ३८० पीपीएम, आरओचं ३५. दोन्ही निम्मं निम्मं घेतलं, २०० च्या आसपास. त्याहून जड पाण्याचे पांढरे डाग पानांवर बसतात आणि पुसले तरी जात नाहीत. सॉफ्टनरमधून आलेलं पाणी मात्र अजिबात नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम असतं.

वाफ्यात पेले भरलेले ठेवायचे. घरात फक्त तळाशी एक-दोन सेंमी. घरात वारा नाही, उजेड कमी, साचलेलं पाणी लवकर बिघडतं. मिश्रणाला पाणी बोट घालून पाहूनच: वरचे ३ सेंमी कोरडे असतील तर. क्रिप्टँथसला वरचा एक सेंमी कोरडा झाला की लगेच.

२ मार्च

क्रि-२ आणि क्रि-५ 'वितळली'. पानं बुडख्यापाशी पारदर्शक, उकडलेल्या भाजीसारखी, हात लावला की गळून येतात. ही कूज वाटते, पण वास नाही आणि मुळं पांढरी, कडक. क्रिप्टँथसची ही खोड आहे: जागा, उजेड किंवा ओलावा अचानक बदलला की झाड बाहेरची पानं सोडून देतं. औषध फवारण्याची गरज नाही. सुटलेली पानं काढली, मधला गड्डा राहू दिला, वरून पारदर्शक डबा उपडा घातला. डब्याला वर पेन्सिलीएवढी दोन भोकं.

२० मार्च

क्रि-५ ने मध्यातून तीन नवी पानं काढली. क्रि-२ गेलं, पण जाताना बाजूच्या पानाच्या बगलेत ज्वारीच्या दाण्याएवढी दोन पिल्लं दिसतायत. झाडाचा मधला कोंब मेला की बगलेतले डोळे जागे होतात, म्हणून मेलेलं ब्रोमेलियाड लगेच फेकू नये.

आज फा-५ आणि फा-६ लाकडावर बसवली. खरखरीत सालीची, साधारण ४० सेंमी लांब फांदी. मुळांखाली स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या वाळवलेल्या शेवाळाचा) पातळ थर, पाव मुठीहून कमी, आणि नायलॉनच्या मासेमारीच्या दोऱ्याने चार वेढे. मॉस जाड घातला तर मुळं लाकडाकडे न जाता मॉसमध्येच गुंडाळत बसतात आणि बुडखा ओला राहतो. पेला उभा राहील असा कोन, तिरका झाला की पाणी सांडतं. जुन्या प्रक्रिया केलेल्या लाकडाचे तुकडे हाताशी होते, पण अशा लाकडात बऱ्याचदा तांब्याचे क्षार असतात, म्हणून बाजूला ठेवले.

११ एप्रिल

वरची एक फांदी छाटली गेली आणि दुपारी ३ ते ४ च्या दरम्यान वाफ्याच्या मध्यावर ऊन्हाचा पट्टा पडू लागला. गु-१ च्या तीन पानांवर फिकट, वाळक्या गवताच्या रंगाचे चट्टे. पट्ट्यात मोजलं तर ४१,००० लक्स. शेजारच्या अँ-२ ला काही झालं नाही, उलट पानांवरचे लालसर पट्टे गडद झाले. चट्टा पडलेलं पान बरं होत नाही. ते कापायचं की ठेवायचं हा दिसण्याचा प्रश्न आहे, झाडाला ते अजून उपयोगी असतं. ठेवलं. गु-१ ४० सेंमी मागे सरकवलं, तिच्या जागी अँ-३.

६ मे

वाफ्यातल्या पेल्यांत डासांच्या अळ्या. नऊ पेल्यांपैकी सहांमध्ये, गु-३ मध्ये ड्रॉपरने ओढून मोजल्या तेव्हा १४. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. तेव्हा आठवड्यातून दोनदा, दर तीन-चार दिवसांनी, पेल्यातलं पाणी बदललं पाहिजे. नुसतं वरून आणखी पाणी घालणं पुरत नाही. नळीच्या टोकाला बोट लावून जोरात धार मारायची, म्हणजे जुनं पाणी अळ्यांसकट बाहेर फेकलं जातं. काही डासांची अंडी पेल्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही तग धरतात, म्हणून धार भिंतीवरही फिरवायची. ज्यांना वेळ नाही त्यांनी बीटीआय जिवाणूचे दाणे टाकावेत. ते अळ्यांनी खाल्ल्यावरच काम करतात, झाडाला आणि माणसाला अपाय नाही.

रॉकेल किंवा खाद्यतेलाचा थेंब टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तेल पानाच्या खवल्यांवर पसरतं आणि झाडाचं तोंडच बंद होतं. असं करू नये. फवारणीतलं तेल, पान चमकवणारं द्रव, सगळ्याला हेच लागू.

२८ मे

शेल्फवरच्या व्री-१ ची पानांची टोकं तपकिरी, कडेला बारीक पांढरी पावडर. थंड हवेच्या यंत्राचा झोत सरळ त्या फळीवर येतोय, आर्द्रता ३४ टक्के. त्यात पेल्यातलं पाणी आटतं आणि क्षार मागे राहतात. झाड झोताबाहेर नेलं, पेला नुसत्या आरओच्या पाण्याने तीनदा धुतला, टोकं पानाच्या आकारानेच तिरकी कात्रीने छाटली. टोक सरळ छाटलं की झाड कापल्यासारखं दिसतं, तिरकं छाटलं की नजरेत येत नाही.

१८ जून

आठवडाभर पावसाची झड. गु-३ च्या मध्यातली दोन पानं पिवळी. चिमटीत धरून हलकेच ओढली तर मुळापासून निघून आली, टोकाला चॉकलेटी चिखल, अंडं सडल्याचा वास. हीच काय ती खात्रीची खूण. निरोगी झाडाचं मधलं पान ओढलं तर निघत नाही.

झाड उपटून पाहिलं. पाऊस दोषी नव्हता. बाकीच्या तीन गुझमेनियांचे पेलेही तेवढेच भरले होते, त्यांना काही नाही. गु-३ फेब्रुवारीत दोन सेंमी जास्त खोल लागलेलं, आणि बुडख्याभोवती साचलेल्या पानांच्या कचऱ्याने मिश्रणाच्या वर ओला पट्टा बांधला होता. कूज बुडख्यातून वर चढली. खालची चार पानं सोलली, कुजलेला भाग स्वच्छ पांढरा लागेपर्यंत धारदार सुरीने कापला, पेला उलटा करून पूर्ण रिकामा, दोन दिवस सावलीत उघडं ठेवलं. त्यानंतर कोरड्या सालीत उभं केलं. पेला आता कोरडाच राहील. मधला कोंब गेलाय, तो परत येणार नाही. पिल्लांसाठी ही खटपट.

९ जुलै

अँ-४ च्या पानांखाली काळे ठिपके, माशीच्या विष्ठेसारखे. धूळ वाटते, नख लावलं तर सुटतात. ब्रोमेलियाडवरची ही खवले कीड आहे, मोठ्या प्रमाणात वाढली की पानावर पिवळे डाग उठतात. ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक पान वरून खाली पुसलं. पेल्यात अल्कोहोल जाऊ नये म्हणून आधी पाणी काढलं, नंतर धुतलं. दहा दिवसांनी पुन्हा, त्यानंतर दहा दिवसांनी आणखी एकदा. अंडी एका फेरीत जात नाहीत.

३० जुलै

मोठं नुकसान. वाफ्याशेजारच्या वेलीवर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारलं गेलं. वाऱ्याने तुषार फा-२ आणि अँ-१ वर आले. दहा दिवसांनी आतली पानं खालून तपकिरी, फा-२ चा मध्य सैल. बोर्डोमध्ये मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. ब्रोमेलियाडला तांबं अगदी थोडं असलं तरी विषच, कारण पेला आणि खवले जे पाण्यात असेल ते सगळं शोषून घेतात. कॉपर ऑक्सिक्लोराइडही यातच आलं. तांब्याची तार, तांब्याच्या लेबलांवरून ओघळणारं पाणी, सगळंच.

फवारणी झाल्याचं त्याच दिवशी कळलं असतं तर पेले भरभरून सहा-सात वेळा धुऊन वाचवता आलं असतं. दहा दिवसांनंतर त्याचा उपयोग नाही. फा-२ चे स्टोलन (ज्यांच्या टोकाला पिल्लं येतात ते आडवे देठ) शाबूत आहेत, त्यावर भिस्त. यापुढे शेजारी फवारणी असेल त्या दिवशी वाफ्यावर प्लास्टिकचा कागद टाकायचा.

२२ ऑगस्ट

शेल्फवरची फा-३ आणि फा-४ पूर्ण हिरवी झाली. पानंही लांब, सैल, मूळच्या १२ सेंमीवरून १९ सेंमी पसरलेली. वाफ्याच्या मोकळ्या टोकाची फा-१ त्याच कुटुंबातली असूनही गडद लाल, आखूड, घट्ट. तिथे १२,००० लक्स, इथे ३,०००. खताचाही हात आहे. शेल्फवरच्या दोघींना जूनमध्ये चुकून गुझमेनियाचं द्रव खत पेल्यात घातलं गेलं. निओरेगेलियाला पेल्यात खत म्हणजे हिरवी, लांब पानं आणि शेवाळ. गुझमेनियाला मात्र मोजकं खत लागतं: २०-२०-२० चं (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) द्रव पाकिटावरच्या मात्रेच्या एक चतुर्थांश, महिन्यातून एकदा. निओरेगेलियाला लावणीच्या वेळी मिश्रणात सावकाश सुटणाऱ्या खताचे १ ग्रॅम दाणे, वर्षभर तेवढंच.

फा-३ आणि फा-४ वाफ्यात हलवायच्या, पण एकदम नाही. पहिला आठवडा मध्यावर, दुसऱ्यात अर्ध्या वाटेवर, तिसऱ्यात टोकाला. जुनी पानं लाल होतील अशी आशा धरू नये. थोडी होतात, पण खरा रंग नव्या पानांत दिसतो.

१४ सप्टेंबर

गु-२ आणि गु-४ पूर्ण वाढलेली: नवी पानं आता आधीच्या पानांहून मोठी येत नाहीत. फुलवण्यासाठी पेले रिकामे केले, प्रत्येक झाड पारदर्शक पिशवीत, सोबत एक पिकलेलं सफरचंद, पिशवीचं तोंड बांधलं. आठ दिवस, सावलीत. उन्हात ठेवलं तर पिशवीच्या आत झाड शिजतं. सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू झाडाला फुलायचा इशारा देतो. अननस हाही याच कुळातला, आणि अझोरेस बेटांवरच्या काचघरांत एकोणिसाव्या शतकात धुरामुळे अननस फुलल्याचं दिसलं तेव्हाच ही युक्ती कळली. लहान झाडावर प्रयोग करू नये. ते फुलतं, पण फूल खुजं आणि त्यानंतर झाड संपतं, कारण एक पेला एकदाच फुलतो.

१० ऑक्टोबर

पिल्लं वेगळी करण्याचा दिवस. फायरबॉलची पिल्लं लाकडासारख्या कडक स्टोलनच्या टोकाला येतात, ५ ते ८ सेंमी दूर. आईच्या निम्मी झाल्यावर स्टोलनचा ३ सेंमी तुकडा ठेवून कापली, जखम एक दिवस सुकवली. फा-२ ने जाता जाता तीन दिली. क्रिप्टँथसची पिल्लं बोट लावल्यावर आपोआप निखळतात, मुळं नसतात तरी ओल्या मिश्रणावर नुसती टेकवायची. गुझमेनियाचं पिल्लू पानांच्या आत रुतलेलं असतं. ते उपटायला गेलं की बुडखाच तुटतो. गु-३ चं एकमेव पिल्लू ९ सेंमी झालंय, ते आईजवळच ठेवायचं आणि आई वाळेल तशी पानं छाटत जायची.

२४ नोव्हेंबर

गु-४ च्या मध्यात पानांच्या टोकांवर लाली, चार सेंमीचा देठ. पिशवीतून काढल्याला नऊ आठवडे. गु-२ मध्ये अजून काही नाही. तिच्या पिशवीचा तळ फाटलेला होता, वायू टिकलाच नसणार. पुन्हा करायचं.

१५ डिसेंबर

रात्रीचं तापमान ११ अंश. क्रिप्टँथस आत आणली. वाफ्यातल्या पेल्यांत आता पाणी निम्मंच, खत बंद. अँ-३ च्या पेल्यात पाण्याच्या पातळीवर पहिली दोन निळसर फुलं, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. वाफ्याशी वाकून पाहिल्याशिवाय दिसणार नाहीत. सुकली की चिमट्याने काढायची आणि पेला धुवायचा, नाहीतर पाणी आंबतं. खालच्या पानाच्या बगलेत एक पिल्लू, सध्या एक सेंमी. लेबल तयार: अँ-३अ.